११ वर्षांच्या मुलीने सांगितलं, कमिटी म्हणते 'आपसात मिटवू'. कायदा नक्की काय म्हणतो?

सईची_मावशी
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती टाकायला नाहीतर पीएमटीच्या नावाने बोटं मोडायला येते, आज जरा वेगळं आहे. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

आमची सोसायटी पुण्यात आहे. (आधी एरिया, विंग सगळं लिहिलं होतं, ते काढलंय, का ते खाली वकीलताईंच्या प्रतिसादात कळेल.) सुट्टीत मुलांची पोहण्याची बॅच होती, बाहेरून एक सर यायचे. माझ्या मैत्रिणीची लेक ११ वर्षांची, पाण्यातला मासा. दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. आम्हाला वाटलं लवकर उठायचा कंटाळा. ओवा दिला, लिंबूपाणी दिलं, ओरडून पण झालं. मग एका रात्री मैत्रीण तिच्या केसांना तेल लावत होती, पोरगी पाठमोरी बसलेली, आणि तशीच भिंतीकडे बघत तिने सांगितलं की सर शिकवताना नको तिथे हात लावतात, चुकून नाही, रोज. आणि पुढे म्हणाली, "सरांनी विचारलं होतं तुला चालतं ना, मी मान हलवली. म्हणजे माझीच चूक झाली ना?"

मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी कमिटीला सांगितलं. तासाभरात मिटिंग (गळक्या टाकीसाठी सहा महिने कोरम जमत नाही, ते असू द्या). ठरलं काय, तर सरांना उद्यापासून बंद करायचं आणि विषय इथेच संपवायचा. पोलीस-बिलीस नको, मुलीचंच नाव खराब होईल, पुढे लग्नाला अडचण. चेअरमन तर म्हणाले की तिने स्वतः होकार दिला होता, हे उद्या कोर्टात निघालं तर तोंडावर पडाल. मैत्रीण गप्प झालीये, तिच्या नवऱ्याचंही मत "जाऊ दे" कडे झुकतंय.

मला एवढंच कळून घ्यायचंय की त्या मान हलवण्याला कायद्यात काही अर्थ आहे का, आणि आम्ही गप्प बसलो तर चालतं का.

बाकरवडी_सम्राट
बाप रे. वाचूनच कसंतरी झालं. १०९८ ला फोन लावा, चाइल्डलाइन आहे, फुकट आणि २४ तास. बाकी जाणकार सांगतीलच.

वकीलताई_शिवाजीनगर
मावशी, सगळ्यात आधी धागा संपादित करा. एरिया, विंग, मजला, बॅचची वेळ, सगळं उडवा. पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ आहे, मुलाचं नाव तर सोडाच, घर, शाळा, शेजार, ज्यावरून मूल ओळखू येईल असं काहीही छापायला किंवा पसरवायला बंदी आहे. मजल्यासकट लिहिलंत तर अर्ध्या पुण्याला कळेल.

आता मुद्द्यावर. 'पॉक्सो' हा २०१२ चा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. त्यात बालक म्हणजे १८ वर्षांखालची कोणीही व्यक्ती, मुलगा असो की मुलगी. आणि गंमत बघा, अख्ख्या कायद्यात संमतीची व्याख्याच नाही. राहून गेली म्हणून नाही, तिथे तिची गरजच नाही म्हणून. मुलाने हो म्हटलं, मान हलवली, हसलं, दुसऱ्या दिवशी परत गेलं, यातलं काहीही आरोपीच्या कामाचं नाही. तुमच्या चेअरमनना सांगा की कोर्टात तोंडावर पडायला "तिने होकार दिला" हेच वाक्य पुरेसं आहे. उलट ११ वर्षांच्या मुलीला एक मोठा माणूस "चालतं ना" असं विचारतोय, यावरूनच कळतं की काय करतोय ते त्याला पक्कं माहीत होतं.

कलम ७ म्हणजे लैंगिक हेतूने केलेला स्पर्श, शिक्षा ३ ते ५ वर्षं. पण मूल १२ वर्षांखालचं असेल तर तोच गुन्हा कलम ९ मध्ये 'गंभीर' होतो आणि शिक्षा ५ ते ७ वर्षं. मुलाच्या बाबतीत विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने केलं तरी कलम ९ च. इथे दोन्ही आहे.

गप्प बसण्याबद्दल. कलम १९ वाचा. असा गुन्हा घडलाय हे ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी धास्ती आहे, त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. कळवलं तर बरं असं नाही, कळवायलाच हवं. नाही कळवलं तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. मिटिंगमध्ये बसलेल्या प्रत्येकाला आता माहीत आहे. आणि मावशी, तुम्हालाही.

सईची_मावशी
केलं संपादित. शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला पण बरं झालं स्पष्ट सांगितलंत. ताई, चेअरमन अजून एक म्हणाले की पाण्यात शिकवताना हात लागतोच, आणि अंगावर स्विमसूट होता, मग गुन्हा कसा.

वकीलताई_शिवाजीनगर
हात लागणं आणि हात लावणं यातला फरक ११ वर्षांच्या मुलीला कळला, चेअरमनना कळत नाही. असो.

कपड्यांवरून होता म्हणून गुन्हा नाही, हा वाद आपल्याच राज्यात झालाय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं होतं की त्वचेला त्वचा लागल्याशिवाय कलम ७ लागत नाही. केवढा गदारोळ झाला तेव्हा. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द केला. बघायचा असतो हेतू, मध्ये कापड होतं की नव्हतं हे नाही.

कर्वेरोडकर
मी वाईटपणा घेतो. मीही एका सोसायटीच्या कमिटीवर आहे म्हणून बोलतो. सगळे चेअरमन राक्षस नसतात हो, घाबरतात. उद्या ते सर निर्दोष निघाले तर? एका माणसाचं आयुष्य उठतं. या कायद्यात आरोपीलाच सिद्ध करावं लागतं म्हणे की मी केलं नाही. आणि सूड म्हणून टाकलेल्या केसेस मी स्वतः ऐकल्यात, पार्किंगच्या भांडणातून पॉक्सोची धमकी दिलेली.

वकीलताई_शिवाजीनगर
काका, प्रश्न रास्त आहे, वाईटपणा कसला. कलम २९ मध्ये गृहीतक आहे हे खरं, पण पाया आधी सरकारी पक्षालाच घालावा लागतो, आरोप केला आणि आत गेला असं होत नाही. सूडाने, बदनामीसाठी किंवा पैसे उकळायला खोटी तक्रार केली तर कलम २२ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. मात्र मुलाने स्वतः चुकीचं सांगितलं तरी मुलाला शिक्षा नाही, आणि ज्याने चांगल्या हेतूने कळवलं त्यालाही काही होत नाही. पार्किंगवाल्याला २२ दाखवा.

पण एक सांगते, सर दोषी की निर्दोष हे ठरवायचं काम कमिटीचं नाहीच. ते ओझं डोक्यावर कशाला घेता? तुमचं काम कळवण्यापुरतं. "आधी आम्ही चौकशी करतो" म्हणत चार काका मुलीला क्लबहाउसमध्ये बोलवून प्रश्न विचारतात ना, ते सगळ्यात घातक. २०२४ ला बदलापूरला लोक रस्त्यावर आणि रुळांवर का उतरले होते आठवा, शाळेने आणि पोलिसांनी घालवलेल्या वेळेचाच राग होता तो. आणि सरांना नुसतं बंद केलंत तर ते सोमवारी दुसऱ्या सोसायटीच्या पूलवर असणार.

कर्वेरोडकर
शेवटचं वाक्य लागलं. आमच्याकडेही बाहेरचेच सर येतात पोहायला शिकवायला.

जुनं_पुणं
थोडं अवांतर, पण विषय पुण्याच्या काळजातला आहे म्हणून राहवत नाही. "मुलीचं नाव खराब होईल, घरातलं घरात ठेवा, सरकार कशाला मध्ये" हे सगळं या शहराने १३० वर्षांपूर्वी ऐकलंय. १८६० च्या दंडसंहितेत संमतीचं वय होतं १०. हो, दहाच! नवरा असला तरी तेच. कलकत्त्याला फूलमणी नावाची १०-११ वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली आणि कायद्याने त्याला बलात्कारी म्हणता येईना, कारण तिने दहा ओलांडले होते. त्यातून १८९१ चं संमतिवयाचं बिल आलं, वय १० चं १२. फक्त दोन वर्षं वाढवायची होती, आणि पुण्यात पेठापेठांत रण पेटलं. केसरीतून टिळकांचा विरोध, सुधारकातून आगरकरांचा पाठिंबा, डॉ. भांडारकर शास्त्राचे आधार काढून दाखवतायत की हे धर्माविरुद्ध नाही. टिळकांचं म्हणणं सुधारणा नको असं नव्हतं, परक्या सरकारने कायद्याने करू नये असं होतं, हे त्यांच्याशी प्रामाणिक राहून सांगायला हवं. पण त्या एवढ्या मोठ्या भांडणात त्या दहा वर्षांच्या मुलीला काय वाटतं हे कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. १९ मार्च १८९१ ला बिल पास झालं. पुढे १९२५ ला लग्नाबाहेर वय १४ झालं, नंतर १६, आणि २०१२ ला पॉक्सो आला तेव्हा १८.

बाकरवडी_सम्राट
जुनं_पुणं, तुमच्या अवांतरासाठी वेगळा धागा काढा राव, मी पहिला प्रतिसाद देतो.

दोन_पोरांचा_बाप
मावशींच्या केसमध्ये दुमत नाहीच. पण १८ या आकड्याबद्दल विचारायचंय. माझा मोठा १९ चा, इंजिनिअरिंगला, आणि त्याची 'मैत्रीण' १७ वर्षं ८ महिन्यांची. बायकोला माहीत आहे, मला माहीत नाही असं दोघं समजतात. एफसी रोडला पाणीपुरी खाण्यापलीकडे काही नसावं अशी आशा. पण समजा असेल, आणि तिच्या घरच्यांनी तक्रार केली, तर माझा पोरगा आणि तो कोच एकाच रांगेत?

वकीलताई_शिवाजीनगर
दुर्दैवाने कलमांच्या भाषेत हो. ती कोर्टात म्हणाली की मी माझ्या मर्जीने गेले होते, तरी १८ च्या आत त्या मर्जीला बचाव म्हणून किंमत नाही. पळून गेलेल्या जोडप्यांच्या केसेस शिवाजीनगर कोर्टात रोज दिसतात, मुलगी बाहेर बाकावर बसून रडत असते आणि बाप आत फिर्यादी असतो. जामीन देताना बरेच न्यायाधीश हे बघतात, पण हातकडी, कॉलेज बुडणं, ते आधीच होऊन गेलेलं असतं. मुलगाही १८ खालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

वय परत १६ करा ही मागणी जुनी आहे. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात नको म्हटलं, १८ च ठेवा, फक्त १६ ते १८ मधल्या प्रेमप्रकरणांत शिक्षा देताना न्यायाधीशाला मोकळीक द्या. भीती अशी की १६ केलं की बालविवाह आणि मुली पळवणाऱ्या टोळ्यांना आयती पळवाट मिळेल. ती भीतीही खोटी नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात दोषी ठरवणं कायम ठेवलं पण शिक्षा दिली नाही, राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाचा खास अधिकार वापरून. ती १४ वर्षांची असताना घडलेलं, नंतर त्याच्याशीच लग्न, मूल. घरच्यांनी टाकलं, समाजाने नावं ठेवली, यंत्रणा वेळेत पोचलीच नाही, असं कोर्टानेच म्हटलं. पण असा निकाल प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, त्यामुळे पोराशी आज रात्रीच बोला. पाणीपुरी चालू ठेवायला माझी हरकत नाही.

स्त्रीरोगवाली
डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. माझ्याकडे १६-१७ च्या मुली आईबरोबर येतात आणि पहिलं वाक्य असतं "मॅडम, पोलिसांना नाही ना कळवणार". कळवावं लागतं. आणि कळवावं लागतं या भीतीने त्या आधी कुठल्यातरी भलत्याच ठिकाणी जाऊन गोळ्या खाऊन येतात, मग रक्तस्राव घेऊन माझ्याकडे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर वाट काढून दिली, गर्भपातासाठी आलेली अल्पवयीन मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. हे माझ्या कित्येक सहकाऱ्यांनाही माहीत नसतं.

दुसरं, गप्प बसणाऱ्यांना कोर्ट सोडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहातल्या मुलींचं प्रकरण, तपासणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा होता, उच्च न्यायालयाने तो रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये परत उभा केला. म्हणाले वेळेत कळवणं हा या कायद्याचा कणा आहे. मग कमिटीचं काय घेऊन बसलात.

अभ्यासिकेतली
मी १९ ची, सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसते, एमपीएससी. भीत भीत विचारते. १८ च्या आत संमती बघतच नाहीत हे कळलं. पण १८ नंतर कायद्यात संमती म्हणजे नक्की काय? ओरडले नाही, पळाले नाही, तर हो म्हटलं असं धरतात का?

वकीलताई_शिवाजीनगर
भीत भीत का, बिनधास्त विचार. नाही धरत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, त्याचं कलम ६३ (जुन्या दंडसंहितेचं ३७५). संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेली, जिच्यात संदिग्ध काही नाही अशी तयारी, शब्दांतून, हावभावांतून, कशीही पण त्या ठरावीक कृतीसाठी. आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की बाईने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं म्हणता येणार नाही. घाबरवून, जवळच्या माणसाला मारायची धमकी देऊन, नशेत घेतलेली संमती ही संमती नव्हे.

हे वाक्य कायद्यात फुकट आलेलं नाही. १९७२ साली आताच्या गडचिरोलीतल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही. १९७९ मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं की शरण जाणं आणि संमती देणं यात फरक आहे. त्यातल्या वसुधा धागमवार आपल्या पुण्याच्या. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ ला कायदा बदलला. ती वरची ओळ मात्र २०१३ च्या दुरुस्तीने आली. त्यात तुझ्यासारख्या किती जणींचे पाय झिजले बघ.

अभ्यासिकेतली
थँक्यू ताई. एका मैत्रिणीला पाठवतेय हा प्रतिसाद.

निनावी_नानी
मी ६८ ची. इतकी वर्षं हे कोणाला सांगितलं नाही, इथेही जास्त नाही सांगणार. मला आठव्या वर्षी नात्यातल्या एकाने. मी आईला सांगितलं तर आईने माझ्या तोंडावर हात ठेवला, मारलं नाही, नुसता हात ठेवला. त्या मुलीच्या आईला सांगा, तिने ऐकून घेतलं हे फार केलं. आता ओवा-लिंबाचं वाईट वाटून घेऊ नको म्हणावं.

सईची_मावशी
नानी. काय लिहू कळत नाही. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. पहिल्यांदा रडली ती, इतके दिवस दगड झाली होती.

समुपदेशक_कोथरूड
शाळेत काम करते, घाईत लिहितेय. तक्रारीच्या आधी मुलीला परत परत "नीट सांग, कुठे, किती वेळा" विचारू नका. मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढू नका, पुरावा म्हणून काढतात लोक आणि मग तो ग्रुपवर फिरतो. तिने वापरलेले शब्द आईने तारखेसकट वहीत लिहून ठेवावेत, आपले शब्द त्यात घालू नयेत. आणि मान हलवण्याबद्दल तिला सांगा की मोठ्यांनी विचारलं की मान हलवायची हे आपणच शिकवलंय तिला, पाहुण्यांसमोर, शाळेत, सगळीकडे. चूक तिची नाही.

वकीलताई_शिवाजीनगर
+१. पोलिसांची भीती वाटत असेल तर हे वाचा. मुलीला ठाण्यात यायची गरज नाही. कलम २४ प्रमाणे जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशात नाही. आई किंवा तिच्या विश्वासाचं माणूस शेजारी. तपासणी लागली तर महिला डॉक्टर. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं, तिथून हवं तर सहाय्यक व्यक्ती मिळते जी शेवटपर्यंत सोबत असते. कोर्टात आरोपी तिच्या नजरेला पडू द्यायचा नाही, वकिलाने प्रश्न थेट विचारायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे, सुनावणी बंद दाराआड. खटला एका वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो. संपतोच असं मी म्हणणार नाही, तारखा मीही मोजते. कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते, आमची हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

सईची_मावशी
अपडेट देते, तपशील गाळून.

गेलो. मी आणि मैत्रीण, नवरा गाडी पार्क करून येतो म्हणाला आणि खरंच आला. ठाण्यात पहिल्या साहेबांनी "आधी सोसायटीचं पत्र आणा" म्हणून बघितलं, मी मोबाइलवर हा धागा उघडून कलम १९ वाचून दाखवलं, आवाज थरथरत होता पण वाचलं. मग आतून एक मॅडम आल्या.

संध्याकाळी त्या मॅडम घरी आल्या, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, चपला दाराबाहेर काढून. पोरीने दार उघडलं आणि त्यांच्यामागे जिन्यात बघत राहिली, पोलीस अजून यायचेत असं तिला वाटलं. मॅडम खालीच बसल्या, सतरंजीवर. वीस मिनिटं नुसतं तिच्या फिशटँकबद्दल बोलणं चाललं होतं, कुठला मासा कोणाला त्रास देतो वगैरे. मग हळूहळू. मैत्रीण शेजारी बसली होती, मी स्वयंपाकघरात चहा उकळवत बसले, तो आटून काढा झाला. मान हलवल्याचं पण तिने सांगितलं. मॅडम म्हणाल्या, ते लिहिते मी, पण ते तू चुकलीस म्हणून नाही, सरांनी विचारलं म्हणून लिहितेय.

गुन्हा नोंद झालाय, एफआयआरची प्रत मिळाली. अजून दोन बॅचमधल्या आयांचे मला फोन येऊन गेलेत, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर परवा चेअरमननी "हा आपला अंतर्गत विषय आहे, बाहेर चर्चा नको" असा मेसेज टाकला होता, खाली सतरा अंगठे. आज सकाळी बघितलं तर तिथे 'मेसेज डिलीट केला आहे' एवढंच दिसतंय. अंगठेही गेले.

कर्वेरोडकर
आमच्या कमिटीची रविवारी मिटिंग लावली आहे. विषय एकच. वकीलताई, कलम १९ आणि २१ मराठीत नोटीस बोर्डावर लावायचं तर कसं लिहू, एक कच्चा मसुदा द्याल का? ए-फोरवर मावेल असा.